नाट्यमंडळातल्या ‘इंट्रो’वर मोकळेपणाने बोलणं सुरू कसं करायचं?

तिसरी_घंटा

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या नाट्यमंडळाचं सचिवपद यंदा माझ्याकडे आलंय. मंडळात चाळीसेक जण आहेत, त्यातले अठरा दुसऱ्या वर्षाचे. कॅप राउंडमधून, म्हणजे प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांतून, फर्स्ट इयरवाले यायला लागले की मंडळाची ‘इंट्रो’ सुरू होते. रात्री होस्टेलच्या गच्चीवर उभं राहायचं, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, नाव-गाव-सीईटीचा स्कोअर एका दमात सांगायचा, चुकलं की पहिल्यापासून. मग ‘स्टेजची भीती जावी’ म्हणून सिनियर सांगतील तो अभिनय, कितीही घाणेरडा असो. तालमीच्या दिवसांत चहा-पाणी, झाडू आणि सिनियरच्या असाइनमेंट हे सगळं ज्युनियरकडे.

कॉलेजकडून व्हायचं ते होतं. प्राचार्यांचं भाषण, ऑनलाइन हमीपत्र, गेटवर हेल्पलाइनचा फलक. मंडळात मात्र या विषयावर कोणी तोंड उघडत नाही. विषय काढला की ‘आपल्यात रॅगिंग नाहीच, ही परंपरा आहे’ इथेच गाडी अडते.

बोलणं सुरू करायचं तर कोणापासून? सगळ्यांना एकदम बसवायचं का? बैठकीत कोणी काही सांगून टाकलं तर ते मंडळातच ठेवायचं की वर कळवायचं? आणि इंट्रो बंद केली तर तिच्या जागी काय? कायद्याचं भाषण नको, ते पाठ आहे.

समितीतले_मास्तर

सगळ्यांना एकदम तर अजिबात बसवू नका. चाळीस जणांच्या बैठकीत शेवटच्या वर्षाचे दोघे-तिघे बोलतात, बाकीचे माना डोलावतात, आणि ‘यावर चर्चा झालेली आहे’ एवढीच नोंद उरते.

सुरुवात दुसऱ्या वर्षापासून करा, आणि नवे यायच्या आधी. सगळी खिट्टी तिथेच आहे. गेल्या वर्षी ज्यांनी सोसलं तेच यंदा वसुलीला उभे राहतात. ‘आम्ही केलं, आता यांनी करावं’ हा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्लेसमेंटचे वेध लागलेले असतात, त्यांचा जीव यात फारसा नसतो. दुसऱ्या वर्षाने हात आखडला की त्या वर्षी इंट्रोला माणूसच मिळत नाही.

तुमच्या अठरा जणांचे नऊ-नऊचे दोन गट करा. बारापेक्षा मोठा गट नको. जागा सेमिनार हॉल नको, होस्टेलची गच्ची तर नकोच. रिकामी वर्गखोली, खुर्च्या गोलात, वेळ पन्नास मिनिटं, दुपारची. बैठक चालवायला तुमच्या मंडळाचे प्रभारी प्राध्यापक घेऊ नका. ज्यांच्या हातात इंटर्नलचे गुण आहेत त्यांच्यासमोर कोण बोलणार? दुसऱ्या विभागाचे शिक्षक, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी किंवा कॉलेजच्या समुपदेशक चालतील. फोन पिशवीत. आणि फोटो काढायचा नाही. नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइलसाठी ‘उपक्रमाचा फोटो’ म्हणून एक जण मोबाइल वर करतो आणि त्याच क्षणी खोलीतलं बोलणं संपतं.

आता चिठ्ठ्या. सगळ्यांना एकाच आकाराचा कागद आणि एकाच रंगाचं पेन. तीन प्रश्न. पहिला: मंडळात आल्यावर पहिल्या महिन्यात अशी कोणती गोष्ट करावी लागली जी स्वतःहून केली नसती? दुसरा: तेव्हा नाही म्हणता आलं असतं का, नसतं तर कशामुळे? तिसरा: तीच गोष्ट यंदा नव्यांकडून करून घ्यावी असं वाटतं का, हो की नाही? ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यानेही प्रत्येक प्रश्नाखाली निदान एक ओळ लिहायची, ‘काही नाही’ असं का होईना. नाहीतर कोणाचं पेन चाललं आणि कोणाचं नाही हे बघूनच अंदाज बांधले जातात. दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळून मगच वाचा. नऊ जणांत अक्षर ओळखू येतं, म्हणून वाचन बाहेरच्या माणसाने करायचं, चिठ्ठी कोणाच्या हाती द्यायची नाही आणि शेवटी सगळ्यांसमोर फाडायच्या. गूगल फॉर्म वापरणार असाल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना हे स्वतः तपासा आणि वर्ग, शाखा, मुलगा-मुलगी असलं काही विचारू नका. मंडळात मेकॅनिकलची एकच मुलगी असेल तर ‘मेकॅनिकल’ आणि ‘मुलगी’ एवढ्यात तिचं नाव कळतं.

तिसऱ्या प्रश्नाची बेरीज फळ्यावर लिहा. अशा गटांत बहुधा प्रत्येकाला वाटत असतं की बाकीच्यांना इंट्रो हवीच आहे, आपणच काय ते मऊ. ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती हे आकड्यांत दिसलं की तो समज ढिला पडतो. ‘हो’ जास्त निघाले तर? तरी लपवू नका. मग दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवर बोला, कारण तिथे ‘नाही म्हटलं असतं तर नाटकात घेतलं नसतं’ अशी वाक्यं आलेली असतात.

आणि गुप्ततेबद्दल. बैठक सुरू होण्याआधी हे शब्दशः सांगा: ‘इथे प्रथेबद्दल बोलायचं आहे, नावं घ्यायची नाहीत. पण कोणाला इजा झाली आहे किंवा होणार आहे असं इथे कळलं, तर ते मला कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे न्यावं लागेल, ते मी पोटात ठेवू शकत नाही.’ आधी ‘सगळं आपल्यातच राहील’ म्हणायचं आणि मग कळवायचं, याइतका मोठा विश्वासघात नाही. हे ऐकून दोघे-चौघे कमी बोलतील. बोलू द्या कमी.

तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाची बैठक त्यानंतर, वेगळी. फर्स्ट इयरला सिनियरसोबत एका खोलीत बसवून ‘तुम्हाला काही त्रास आहे का’ असं कधीच विचारू नका. त्याचं एकच उत्तर येतं.

विदर्भ_एक्सप्रेस

एवढं काहून मोठं करून राहिले बाप्पा? नाव-गाव विचारलं, दोन गाणे म्हणायला लावले, त्याच्यात काय होते? याच्यानंच पोरं एकमेकांचे होतात. सगळं बंद केलं तर चार वर्षं कोणी कोणाला ओळखणार नाही. मंडळ आहे का बँकेची लाइन?

नेपथ्य_दादा

विदर्भ भाऊ, तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. जवळीक लागतेच, नाटकात तर लागतेच, कारण अंधारात सेट हलवताना समोरच्यावर विसंबावं लागतं. पण ती येते सोबत काम केल्याने. गच्चीवर एक जण घाबरलेला आणि दहा जण हसणारे असले की त्या दहांचं आपसात जमतं. अकरावा एकटाच राहतो.

कोणतं ठेवायचं आणि कोणतं काढायचं यासाठी प्रत्येक प्रथा घ्या आणि तिला चार प्रश्न विचारा. सिनियर हेच काम नव्यांच्या बरोबरीने करतो का? नाही म्हटलं तर काय होतं? हे दिवसाढवळ्या, सरांसमोर, आईवडिलांसमोर करता येईल का? आणि नाटकाला याचा काही उपयोग आहे का?

सेट उचलणं घ्या. जड काम आहे, पण सिनियरही उचलतो, दिवसा होतं, उपयोगाचं आहे. राहू द्या. फक्त फ्लॅट (सेटची उभी चौकट) उचलायला प्रत्येकी दोन माणसं आणि रात्री दहानंतर नव्यांना थांबवायचं नाही एवढं ठरवा. चहा आणणं, झाडू मारणं हेही राहू द्या, पण पाळी लावा. भिंतीवर तक्ता, त्यात दिग्दर्शकाचंही नाव. पहिल्या आठवड्यात सचिव आणि दिग्दर्शक यांनीच झाडू घ्यायचा. असाइनमेंट लिहून घेणं चौथ्या प्रश्नालाच नापास होतं, त्यावर चर्चासुद्धा नको. तिसऱ्या बटणाची इंट्रो चारही प्रश्नांत नापास.

स्टेजची भीती हा खरा प्रश्न आहे, त्याला खरं उत्तर द्या. लाज वाटायला लावून भीती जात नाही, फक्त तो माणूस स्टेजपासून पळतो. भीती कमी होते थोड्या थोड्या सवयीने. पहिल्या दिवशी जोड्या करून आरशाचा व्यायाम द्या, एक हलेल तसं दुसऱ्याने हलायचं, तीन मिनिटं, मग अदलाबदल. यात कोणी कोणाकडे बघत बसत नाही, सगळेच गुंतलेले असतात. दुसऱ्या दिवशी बसल्या जागी गोलात संहिता वाचन. तिसऱ्या दिवशी उभं राहून हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत एक वाक्य पोहोचवायचं, ओरडायचं नाही. एकट्याने स्टेजवर उभं राहणं दुसऱ्या आठवड्यात, तेही दोनच मिनिटं आणि विषय त्याने निवडलेला. नाही म्हणणाऱ्याला प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा असं काम लगेच द्या. ‘भित्रा’ म्हणून बाजूला बसवू नका.

इंट्रो ठेवायचीच असेल तर उलटी करा. आधी सिनियरने आपली ओळख द्यायची, स्टेजवर, दिवे लावून, दारं उघडी ठेवून. मग नव्यांनी. प्रश्न नाटक, खाणं, गाव आणि आवडीनिवडी यावरच.

जवळीक पाहिजे ना? एक रविवार काढा. एक सिनियर आणि सहा नवे असा गट. खापरीकडून येणारी मेट्रो सीताबर्डीला बदलून लोकमान्य नगरकडे जाता येतं. वाटेत उतरून तर्री पोहे खा, झेरॉक्सवाला, दवाखाना, तालमीचं सामान मिळतं ती दुकानं दाखवा. सकाळी निघून संध्याकाळी सहाच्या आत परत. खर्च मंडळाचा किंवा सिनियरचा. ज्युनियरकडून ‘ट्रीट’ उकळणं हेही त्याच खात्यात जमा होतं, हे विसरू नका.

आणखी एक, गमतीचं. आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वाईटाला हाकलायला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि सोबत बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, असतात. मंडळाचा एक छोटासा बडगा करा, ‘तिसरं बटण’ नावाचा. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत तुमच्याच आवारात फिरवा. मात्र त्यावर कुठल्या सिनियरचं नाव, फोटो किंवा टोपणनाव येऊ देऊ नका, नाहीतर त्याचीच वेगळी भानगड होईल.

काळाकोट_सिव्हिल_लाइन्स

तिसरी घंटा, कायदा पाठ आहे म्हणता. बहुतेकांना हमीपत्र पाठ असतं, कायदा नव्हे. मुद्द्याचं तेवढं सांगतो, कारण ‘गाणं म्हणायला लावणं म्हणजे काय रॅगिंग’ हा वाद तुमच्या बैठकीत येणारच.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९चा आहे. त्यातली व्याख्या फार रुंद आहे. शारीरिक किंवा मानसिक इजा, भीती, लाज, संकोच निर्माण करणारं किंवा करू शकणारं वर्तन त्यात येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी आणि खोड्या यांचा वेगळा उल्लेख आहे. आणि त्यातच हेही आहे की, विद्यार्थी एरवी जे स्वखुशीने करणार नाही ते करायला सांगणं. ‘सांगणं’ म्हटलं आहे, ‘जबरदस्ती करणं’ नव्हे. म्हणून ‘आम्ही हात कुठे लावला’ हा बचाव टिकत नाही. मास्तरांच्या चिठ्ठीतला पहिला प्रश्न याच्याशी जुळतो, ते बरं झालं.

संस्थेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे मनाई आहे. त्यामुळे ‘कॉलेजात नाही, फुटाळा तलावावर केलं’ म्हणून सुटका नाही. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय कॉलेजातून काढून टाकणं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाही. प्रत्यक्ष करणारा, सामील होणारा, चिथावणारा आणि प्रसार करणारा, सगळे यात येतात. व्हिडिओ काढून ग्रुपवर फिरवणाऱ्याने हे नीट वाचावं.

लेखी तक्रार विद्यार्थ्यानेच केली पाहिजे असं नाही. पालक किंवा शिक्षकही करू शकतात. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, आणि तथ्य नाही वाटलं तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. यात हयगय केली तर तोही रॅगिंगला साहाय्य केल्याच्या आरोपात येतो. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २००९चे विनियम याच्या जोडीला आहेत. गुन्हा दिसत असेल तर प्रमुखाने माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर करायचा. शिक्षांत परीक्षेला बसू न देणं, निकाल रोखणं, शिष्यवृत्ती रोखणं, होस्टेलमधून काढणं, एक ते चार सत्रांसाठी काढून टाकणं असं सगळं आहे. आणि कोणी केलं हे ओळखता आलं नाही तर सामूहिक शिक्षेची तरतूद आहे. हे शेवटचं वाक्य तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या बैठकीत जरूर वाचा. ‘आपण गप्प राहिलो की कोणालाच काही होत नाही’ हा हिशेब तिथे उलटतो.

फर्स्ट इयरला सतरा वर्षांची मुलं-मुली बऱ्याच असतात. तो ‘घाणेरडा अभिनय’ लैंगिक स्वरूपाचा असेल आणि समोरचा अठराच्या आतला असेल, तर पोक्सो, म्हणजे अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होऊ शकतो. त्यात माहिती असूनही न कळवणं हाच वेगळा गुन्हा आहे. म्हणजे सचिवाने ‘मंडळातच ठेवू’ म्हणायची सोयच नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच समजा.

पुरावा: चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि मूळ फोन तसाच ठेवा. मार लागला असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात त्याच दिवशी तपासणी आणि एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय) नोंद. दोन दिवसांनी वळ जातात.

झाडीपट्टी

वरचं सगळं ठीक. पण इंट्रोतलं सगळ्यात वाईट बटणात नाही, प्रश्नात आहे. सीईटीचा स्कोअर आणि रँक का विचारतात? आकडा ऐकून ‘कोणत्या कोट्यातून आला’ याचा अंदाज बांधायला. मग आडनाव पूर्ण विचारायचं, मग ‘स्कॉलरशिप मिळते का बे?’ सरळ जात विचारली असं कोणी म्हणूच शकत नाही, आणि विचारलेली मात्र असते. २०१६च्या दुरुस्तीने यूजीसीने जात, धर्म, वंश, रंग, भाषिक ओळख, प्रदेश, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यावरून होणारा छळ स्पष्टपणे रॅगिंगमध्ये घेतला. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याबाबत १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाही येऊ शकतो.

म्हणून ठराव करताना ‘जात विचारू नये’ एवढं लिहून भागणार नाही. स्कोअर, रँक, कॅटेगरी, पूर्ण आडनाव, वडिलांचा धंदा, शिष्यवृत्ती, फी किती भरली, हे सात प्रश्न नाव घेऊन बंद करा. मंडळाला कामापुरतं नाव, शाखा, फोन नंबर आणि कुठलं काम आवडेल एवढंच लागतं.

दुसरं बोलीचं. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडच्या पोरांची झाडीबोली ऐकली की हशा. गडचिरोली म्हटलं की ‘नक्षली आला’. आणि हे नाट्यमंडळात! दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं चालतात, गावं गाड्या भरून येतात, तिकीट काढून बघतात. शहरातल्या मंडळाला एकांकिकेला प्रेक्षक जमवताना घाम फुटतो. हसण्याआधी हे आठवा. पहिल्या वाचनाच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या बोलीत एक उतारा वाचायचा, सिनियरनेही, असं ठेवलं तर वऱ्हाडी, झाडीबोली, नागपुरी हिंदी सगळं एका रांगेत येतं. फक्त एकट्या झाडीवाल्याला ‘तुझ्या भाषेत बोलून दाखव’ म्हणू नका. तो पुन्हा तमाशाच.

मोकळं_दार

समुपदेशनाच्या बाजूने थोडं. चिठ्ठ्यांच्या बैठकीनंतर एक जण तुम्हाला एकटं गाठून सांगेल, तेही दोन-तीन दिवसांनी, मेसच्या रांगेत किंवा रात्री मेसेजवर. खरं बोलणं तेव्हा होतं. त्यासाठी तयार राहा.

तेव्हा ‘कोणी केलं?’ हा पहिला प्रश्न नको. ‘तू तिथे गेलाच कशाला?’ तर अजिबात नको. ‘सांगितलंस ते बरं केलं. आत्ता सुरक्षित आहेस का? आज रात्री झोपणार कुठे?’ इतकं पुरे. मग त्याला काय हवंय ते विचारा. बहुतेकांना आधी फक्त ते थांबायला हवं असतं, शिक्षा वगैरे नंतर. तुम्ही काय करू शकता आणि काय नाही ते खरं सांगा. समोर बसून नोट्स काढू नका. तो गेल्यावर तारीख, वेळ आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, आपला अर्थ न घालता. तो जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, वॉर्डन किंवा समुपदेशकांना तिथेच बोलवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२.

बघणाऱ्यांनाही शिकवायला लागतं, कारण गच्चीवर दहा जण असतात आणि त्यातल्या पाचांना ते आवडत नसतं. सिनियरला सगळ्यांसमोर ‘चुकीचं करतोय’ म्हणायची हिंमत कमी जणांत असते, तिची अपेक्षाही ठेवू नका. सोपी वाक्यं पाठ करून द्या. ‘चाल बे, तुले सर बोलवून राहिले’ म्हणून नव्या पोराला तिथून उठवायचं. ‘भाऊ, वॉर्डन राउंडला निघालेत, आटपा.’ किंवा नुसतं त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. हे बैठकीत जोड्या करून म्हणायला लावा. नाटकवाल्यांना हे जड नाही.

पालकांसाठी: ‘तुझं रॅगिंग होतं का?’ विचारलं की ‘नाही’ येतं. ‘काल जेवण कुठे केलं? झोपायला किती वाजले? खोलीत कोण कोण येतं? महिन्याचे पैसे कशात गेले?’ असं विचारा. सलग रात्री दोन-तीनला झोप, मेस चुकवणं, न सांगता गावी येणं, कोणाची तरी असाइनमेंट हातात, अचानक कापलेले केस, हे दिसलं की पुढचा फोन वॉर्डनला.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार. विदर्भ भाऊ, तुमचेही, कारण हाच प्रश्न बैठकीत पहिला येणार आहे. दुसऱ्या वर्षाचे दोन गट आणि चारप्रश्नी तक्ता पक्का केला. दोन गोष्टी अडल्या आहेत. कॅपच्या शेवटच्या राउंडला आणि संस्था स्तरावर येणारी पोरं महिनाभर उशिरा येतात, त्यांना कोण सांगणार? आणि मंडळाच्या अधिकृत ग्रुपशिवाय दुसरा एक ग्रुप असतो, ज्यात सर नसतात. त्याचं काय करायचं?

समितीतले_मास्तर

उशिरा येणाऱ्यांचा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि अडकतात तेच. इंडक्शन होऊन गेलेलं असतं, भाषण ऐकलेलं नसतं, मित्र झालेले नसतात, होस्टेलमध्ये उरलीसुरली खाट मिळालेली असते. यूजीसीचा अँटी-रॅगिंग सप्ताह १२ ते १८ ऑगस्ट असतो. यातले बरेच जण तेव्हा कॉलेजात आलेलेच नसतात. त्यांच्यासाठी सप्ताहावर विसंबू नका. आल्याच्या तिसऱ्या दिवसाच्या आत एका ठरलेल्या माणसाने भेटायचं, पंधरा मिनिटं, असं लावा. विनियमांत सहा नव्यांमागे एक मार्गदर्शक सिनियर आणि असे सहा मार्गदर्शक मिळून त्यांच्यावर एक वरचा, अशी रचना सांगितलेलीच आहे. तुमच्याकडे बारा नवे धरले तर दोन मार्गदर्शक लागतात. तिसरा राखीव ठेवा, फक्त उशिरा येणाऱ्यांसाठी. मार्गदर्शक निवडताना नव्यांना पसंती विचारा आणि एकदा बदलून मागायची मुभा द्या, कारण नकोसा मार्गदर्शक म्हणजे कायदेशीर परवाना मिळालेला सिनियर.

त्यांच्या हातात एक कागद द्या, अर्ध्या पानाचा. मंडळात काय करावं लागेल, काय करावं लागणार नाही, ‘नाही’ म्हटल्याने भूमिका जाणार नाही, कोणाकडे जायचं त्या तिघांची नावं. त्यातलं एक नाव मंडळाबाहेरचं, एक बाईचं. खाली राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. भूमिकांची निवड कोण करणार आणि कशावर, हेही लिहा. सिनियरच्या हातात खरी ताकद तीच असते. निवड तिघांनी मिळून करायची, त्यातला एक मंडळाबाहेरचा, आणि गुण कागदावर. ‘नाटकात घेणार नाही’ ही धमकी तिथेच बोथट होते.

दुसरा ग्रुप बंद करायच्या मागे लागू नका. तिसरा उघडतील. नियम एवढाच ठेवा की पहिले तीन महिने कोणत्याही सिनियरने नव्याला खासगी ग्रुपमध्ये घ्यायचं नाही, आणि तालमीची वेळ, भूमिका, सामान याचा प्रत्येक निरोप अधिकृत ग्रुपवरच येईल. काम दुसऱ्या ग्रुपवर चाललं की नव्याला तिथे राहावंच लागतं, ग्रुप सोडला तर तालीम हुकते. नव्यांना छळणाऱ्या अशा अनौपचारिक ग्रुपांवर नजर ठेवायला यूजीसीनेही २०२५ मध्ये संस्थांना सांगितलं आहे. अधिकृत ग्रुपवर रात्री दहा ते सकाळी सात निरोप नाही.

पहिले तीन महिने दर पंधरवड्याला फर्स्ट इयरची निनावी पाहणी संस्थेने करायची, असं विनियमांत आहेच. तुमच्या समितीला विचारा, मंडळांसाठी त्यात दोन प्रश्न घालता येतील का: ‘या पंधरा दिवसांत मंडळाच्या नावाखाली रात्री दहानंतर कुठे बोलावलं का?’ आणि ‘नको असलेलं काही करायला सांगितलं का?’ पहिल्या पाहणीत सगळीकडे ‘नाही’ आलं तर खूश होऊ नका, विश्वास बसायला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दोन-चार ‘हो’ आले तर पाहणी चालू लागली असं समजा, आणि त्या आठवड्यात रॅगिंगविरोधी स्क्वाडची (गस्ती पथकाची) फेरी गच्चीकडे वळवा. कोणी लिहिलं ते शोधत बसू नका. ‘कोण बोललं?’ हा प्रश्न सिनियर तर विचारतीलच, निदान सचिवाने विचारायचा नाही.

विदर्भ_एक्सप्रेस

बरं बाप्पा, झाडूच्या तक्त्यात माझं नाव पहिल्या आठवड्यात टाका. पण बडगा मीच बनवणार.